चॅनलवर लोकांचा भरोसा कसा बसतो आणि कसा टिकतो

पालकसभेला येणाऱ्या आयांना आम्ही विचारतो की शिष्यवृत्तीची माहिती कुठून मिळाली. पूर्वी उत्तर यायचे, "जुम्याला मशिदीत सांगितले म्हणे," नाहीतर "शेजारच्या बाजींनी सांगितले." आता उत्तर येते, "मोबाइलवर बघितले." मोबाइलवर कोणी सांगितले, असे पुढे विचारले तर बहुतेकींना सांगता येत नाही. एक मुलगा होता, चष्मा लावलेला, चांगले बोलत होता, एवढेच आठवते.

हा सांगणारा मुलगा आता आपल्याच मोहल्ल्यातला असतो. कुणी शीरखुर्मा आणि खिम्याचे समोसे शिकवते, कुणी मेहंदीचे डिझाइन टाकते, कुणी फॉर्म भरायची माहिती देतो, कुणी गावच्या बातम्या सांगतो. चॅनल उघडायला एक मोबाइल पुरतो. पण लोकांनी आपल्यावर भरोसा ठेवावा यासाठी काय करायचे, हे मोबाइलबरोबर मिळत नाही. या लेखात त्याबद्दलचे नियम, कायदे आणि आमचा थोडा अनुभव एका ठिकाणी दिला आहे.

आम्ही काही मोठे यूट्यूबर नाही. तीन शिक्षक मिळून उर्दू माध्यमाच्या दहावीच्या मुलांसाठी मराठीचे धडे आणि व्याकरण समजावणारे एक छोटे चॅनल चालवतो. मधूनमधून शिष्यवृत्तीची माहितीही देतो. त्या माहितीतच आमच्याकडून एक मोठी चूक झाली, म्हणून आधी तीच सांगतो.

जुन्या व्हिडिओने केलेले नुकसान

२०२१ मध्ये आम्ही केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीवर एक व्हिडिओ केला होता. कोण अर्ज करू शकते, उत्पन्नाची मर्यादा किती, कोणते कागद लागतात, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, असे सगळे त्यात होते. तेव्हा ही शिष्यवृत्ती पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मुलांना होती आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असावे लागे. व्हिडिओ त्या वेळी बरोबर होता. आमच्या बाकीच्या व्हिडिओंपेक्षा तो कितीतरी जास्त पाहिला गेला, कारण लोकांनी तो व्हॉट्सअॅपवर फिरवला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने निर्णय घेतला की २०२२-२३ पासून ही शिष्यवृत्ती फक्त नववी आणि दहावीच्या मुलांना मिळेल. पहिली ते आठवीचे शिक्षण शिक्षण हक्क कायद्याने मोफतच आहे, असे कारण दिले गेले. त्या वर्षी लहान वर्गांतल्या अनेक मुलांचे अर्ज भरून झाले होते, तेही बाद झाले. आम्ही ही बातमी वाचली, स्टाफरूममध्ये तावातावाने चर्चाही केली. आमचा जुना व्हिडिओ मात्र तसाच पडून राहिला. कुणाच्या डोक्यातच आले नाही.

पुढच्या जूनमध्ये एक बाई शाळेत आल्या. नवरा रिक्षा चालवतो, मुले तिसरीत आणि सहावीत. हातात उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी सेतू केंद्रात तीन खेपा झाल्या होत्या, तीन दिवसांची धुण्याभांड्याची कामे बुडाली होती. "सर, तुमच्या व्हिडिओत सांगितलेले सगळे कागद आणले आहेत, बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला आणि आमचाच चेहरा आमच्याशी बोलू लागला.

आता ही शिष्यवृत्ती तुमच्या मुलांना मिळणार नाही, हे त्यांना सांगणे फार जड गेले. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारले, "मग तुम्ही काढून का नाही टाकला?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या दिवशी जे शिकलो ते आधी तांत्रिक आहे. यूट्यूबवर एकदा टाकलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलून नवा टाकता येत नाही. नवा केला तरी जुनी लिंक लोकांच्या ग्रुपमध्ये फिरतच राहते. पण शीर्षक बदलता येते, खालचे वर्णन बदलता येते, छोटे चित्र म्हणजे थंबनेल बदलता येते आणि एक कमेंट सगळ्यांत वर पिन करून ठेवता येते. आम्ही शीर्षकाच्या सुरुवातीलाच "जुनी माहिती, आता लागू नाही" असे लिहिले. थंबनेलवर लाल अक्षरांत तेच. पिन केलेल्या कमेंटमध्ये काय बदलले ते आणि नव्या व्हिडिओची लिंक. व्हिडिओ पूर्णच काढून टाकावा, असे आमच्यातल्या एकाचे मत होते. आम्ही काढला नाही. काढला असता तर ज्यांनी तो आधीच पाहिला होता त्यांना काही कळलेच नसते. लिंक उघडली नाही की माणूस समजतो, नेट गेले असेल.

मग दोन मिनिटांचा एक वेगळा व्हिडिओ केला. त्यात आमची चूक काय झाली ते सरळ सांगितले. 'काही तांत्रिक कारणाने' वगैरे म्हटले नाही. पुढच्या आठवड्यात पंधरा-वीस सबस्क्रायबर कमी झाले. मन थोडे खट्टू झाले, खोटे कशाला बोला. पण त्यानंतर कमेंटमध्ये लोक एक नवा प्रश्न विचारू लागले: "सर, हे या वर्षीचे आहे ना?" हा प्रश्न त्यांनी आधीही विचारायला हवा होता आणि आम्ही तो विचारायची वेळच येऊ द्यायला नको होती.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. माहितीच्या प्रत्येक व्हिडिओत पहिल्या अर्ध्या मिनिटात तारीख तोंडाने बोलायची. "आज अमुक तारीख आहे, ही माहिती या शालेय वर्षाची आहे." वर्णनात लिहिलेली तारीख व्हॉट्सअॅपवर कापून पाठवलेल्या तुकड्यात जात नाही, बोललेली जाते. आणि दर मे महिन्यात जुन्या व्हिडिओंची यादी काढून बसायचे. कंटाळवाणे काम आहे. उत्तरपत्रिका तपासण्यासारखेच.

बोलणारा कोण आहे

आपल्याकडे हदीस सांगताना सनद पाहण्याची पद्धत आहे. कुणी कुणाकडून ऐकले, मधला माणूस सच्चा होता का, त्याची आठवण पक्की होती का, याची छाननी करणारे एक पूर्ण शास्त्र आपल्या आलिमांनी उभे केले. चॅनलसाठी एवढ्या खोलात जायला कोणी सांगत नाही. पण "सूत्रांकडून कळते" एवढ्यावर भागवणाऱ्याने निदान एक कडी तरी दाखवावी. शासन निर्णय असेल तर त्याची तारीख आणि क्रमांक स्क्रीनवर दाखवा. महाराष्ट्र शासनाचे निर्णय सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना खुले असतात. बोर्डाचे परिपत्रक असेल तर ते उघडून दाखवा. कुणा अधिकाऱ्याने फोनवर सांगितले असेल तर तसे सांगा.

ओळख म्हणजे चेहरा नव्हे, हेही सांगायला हवे. आपल्या घरांतल्या कित्येक बाजी स्वयंपाकाचे किंवा शिवणकामाचे चॅनल चालवतात आणि चेहरा दाखवत नाहीत. नुसते हात दिसतात आणि आवाज ऐकू येतो. काही लोक त्यांना सांगतात की चेहरा दाखवल्याशिवाय लोक भरोसा ठेवणार नाहीत. आमचे मत तसे नाही. आमच्या ओळखीच्या एक खाला आहेत, त्यांचा चेहरा आजवर कुणी पाहिलेला नाही. पण पहिल्या व्हिडिओपासून त्या मीठ-मसाल्याचे माप एकाच वाटीने दाखवतात, ती वाटी आता बायकांना पाठ झाली आहे. एकदा नानकटाई फुटली तर फुटलेलीच दाखवली आणि तूप जास्त झाले असे सांगितले. बायका त्यांचे ऐकतात ते यामुळे.

उलट, चेहरा आणि आवाज दोन्ही असून माणूस खरा नसेल, असेही दिवस आले आहेत. एआयने बनवलेला आवाज किंवा खरी वाटणारी बनावट दृश्ये वापरली तर यूट्यूब २०२४ पासून अपलोड करताना तसे जाहीर करायला सांगते. कुणा मौलानांचा आवाज बनवून त्यांच्या तोंडी वाक्ये घालणे तर जाहीर करूनही करू नये.

पैसे आणि फुकटच्या वस्तू

इथे सगळ्यांत जास्त घोटाळा होतो, म्हणून थोडे सविस्तर.

यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि त्याबरोबर वर्षभरात ४,००० तास पाहिले गेलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यू. तिथपर्यंत पोहोचायला छोट्या चॅनलला बराच वेळ लागतो. काही मुले या घाईत सबस्क्रायबर विकत घेतात. ते यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यात चॅनलही जाऊ शकते. पण कमाईचा दुसरा रस्ता फार आधी सुरू होतो. दुकानदार येतो आणि म्हणतो, ही क्रीम घ्या, हा मसाला घ्या, दोन शब्द चांगले बोला.

भारतात याला आता कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरसाठी वेगळी सूचना काढली. पैसे, वस्तू, प्रवास, हॉटेल, सवलत, बक्षीस किंवा नातेसंबंध, यांपैकी काहीही मिळाले असेल तर ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. व्हिडिओत ते बोलूनही सांगायचे आणि लिहूनही दाखवायचे, नुसते खाली हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचे नाही. लाइव्हमध्ये तर ते सतत दिसत राहिले पाहिजे. खोटी जाहिरात केल्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. प्रचार करणाऱ्यावर एक वर्षाची आणि नंतर तीन वर्षांपर्यंत बंदीही घालता येते.

जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था आहे, भारतीय जाहिरात मानक परिषद. तिचे २०२१ चे नियम आणखी बारीक आहेत. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत 'जाहिरात' हा शब्द किमान ३ सेकंद दिसला पाहिजे, त्यापुढे दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत त्या वस्तूबद्दल बोलत असाल तेवढा सगळा वेळ. व्हिडिओ मराठीत असेल तर सरळ मराठीत 'जाहिरात' लिहा. यूट्यूबवर अपलोड करताना 'पेड प्रमोशन'चा पर्यायही असतो, तो निवडला की सुरुवातीला पट्टी येते.

औषधांच्या बाबतीत तर फारच जपायला हवे. शुगर मुळापासून बरी करतो, असे सांगणाऱ्या चूर्णाची जाहिरात घेऊन लोक छोट्या चॅनलवाल्यांकडे सर्रास येतात. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याने मधुमेहासारख्या ठरावीक आजारांच्या औषधांची अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. आपल्या घरांत शुगर नसलेले घर शोधावे लागते. कुणा अब्बांनी तुमचा व्हिडिओ बघून इन्सुलिन बंद केले तर?

मदिनेच्या बाजारातली धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आत ओले धान्य होते आणि वर कोरडे. ओले वर ठेव म्हणजे लोकांना दिसेल, असे त्या व्यापाऱ्याला सांगितले गेले. 'जाहिरात' हा शब्द व्हिडिओच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिणे म्हणजे ओले धान्य खाली ठेवणेच आहे.

मागच्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी सल्ला मागायला आला. नात आणि माहितीच्या रील्स करतो, चांगले फॉलोअर आहेत. एका टूर कंपनीने त्याला फुकट उमराहला न्यायची तयारी दाखवली होती. बदल्यात प्रवासात रोज एक रील आणि परत आल्यावर कंपनीची तारीफ. घरात ईदसारखा आनंद. अम्मीने तर कपडेही काढून ठेवले होते. त्याला भीती एकच होती की नाही म्हटले तर गुस्ताखी होईल.

आम्ही त्याला जाऊ नको म्हटले नाही. तीन गोष्टी विचारल्या. पहिली, प्रत्येक रीलमध्ये "या कंपनीने मला फुकट आणले आहे" असे बोलू देतील का? दुसरी, तू जे हॉटेल दाखवशील तेच हॉटेल पैसे भरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला मिळणार आहे का, की हरमपासून दोन किलोमीटर लांबचे? तिसरी, लोकांचे पैसे अडकले तर ते कंपनीकडे आधी जातील की तुझ्या घरी? तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प झाला. गावात लोक वर्षानुवर्षे पै-पै साठवून उमराहचे पैसे भरतात. अशी रक्कम बुडाली तर लोक कंपनीचे नाव विसरतात, ज्याने सांगितले त्याचे नाव विसरत नाहीत.

कराचाही एक मुद्दा होता, तो त्याला माहीतच नव्हता. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणे धंद्याच्या निमित्ताने मिळालेल्या वस्तू किंवा सहली वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेल्या तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस भरावा लागतो. आणि ती सहल तुमचे उत्पन्न धरली जाते. मोबाइल वापरून कंपनीला परत केला तर लागत नाही, ठेवून घेतला तर लागतो. सहल काही परत करता येत नाही.

कंपनीने पहिली अट मान्य केली नाही. फुकट नेले असे बोलू नकोस, मजा जाते, असे म्हणाले. तो गेला नाही. अम्मी काही दिवस आमच्याशी बोलत नव्हत्या.

बातमी आणि अफवा

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते सोलापूरकडून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे गोसावी समाजाचे लोक होते. त्याआधी तशा अफवा आणि व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' असे लिहायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

गावच्या बातम्या देणाऱ्या आपल्या मुलांनी ही घटना लक्षात ठेवावी. आपल्या समाजाविरुद्धच्या खोट्या बातम्यांवर आपण चिडतो, आणि ते बरोबरच आहे. पण दुसऱ्यांबद्दलची खात्री नसलेली बातमी आपल्याकडेही तितक्याच वेगाने पुढे जाते. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर आली की आधी तपास करण्याचा हुकूम आहे आणि त्यात तपासाचे कारणही दिले आहे, की नकळत कुणाचे नुकसान होऊन नंतर पस्तावा होऊ नये. तणावाच्या वेळी पहिला व्हिडिओ टाकायचा मोह आवरा. दोन तास उशिरा आलेली खरी बातमी लोक पाहतात.

शीर्षकाचेही तेच. आत काही नसताना "मोठी बातमी, मुस्लिमांना धक्का" असे लिहिणाऱ्यांना एकदा व्ह्यू मिळतात. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबनेही जाहीर केले की भारतात अशी फसवी शीर्षके आणि थंबनेल असलेले, विशेषतः बातम्यांचे व्हिडिओ काढले जातील.

कमेंट

टीका करणारी कमेंट काढू नका, शिवी काढा. एवढा फरक पाळला तरी पुष्कळ. प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर "बघून सांगतो" लिहा आणि खरेच बघून सांगा. दीनी मसला विचारला तर जवळच्या मुफ्तींकडे पाठवा, मग तुमचे चॅनल कितीही चालत असो. आमच्या मराठीच्या व्हिडिओखाली एकाने तलाकचा मसला विचारला होता! विद्यार्थ्यांचे चेहरे आणि शाळेचे नाव पालकांना विचारल्याशिवाय दाखवू नका. एकदा होकार दिलेल्या आईने नंतर काढा म्हटले तर वाद न घालता काढा.

चॅनल दुसऱ्याच्या हातात गेले तर

कमावलेला भरोसा चोरीलाही जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे 'आपली आजी' हे चॅनल पुष्कळांनी पाहिले असेल. नातवाच्या मदतीने गावरान पदार्थ शिकवणाऱ्या या आजींचे चॅनल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले. हॅक झालेल्या चॅनलवरून पुष्कळदा क्रिप्टो किंवा पैसे दुप्पट करायच्या योजना दाखवल्या जातात, आणि पाहणाऱ्याला वाटते की आपल्याच ओळखीचा माणूस सांगतो आहे.

हॅकिंगची नेहमीची पद्धत म्हणजे जाहिरातीचा ईमेल. मोठ्या कंपनीचे नाव, चांगली रक्कम आणि सोबत एक फाइल. फाइल उघडली की तुमचे लॉगिन गेले. ओळख नसलेल्या कंपनीची फाइल उघडू नका, आधी कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करा. गुगल खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. रिकव्हरीसाठी दिलेला नंबर आजही चालू आहे का ते बघा. आमचा नंबर बंद पडलेल्या सिमचा निघाला होता. चॅनल दोघे-तिघे चालवत असाल तर सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ नका. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये प्रत्येकाला वेगळा प्रवेश देता येतो, आणि कुणी सोडून गेले तर त्याचा प्रवेश त्याच दिवशी काढता येतो. तरीही फसवणूक झालीच तर राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३० आहे, आणि फसव्या जाहिरातीची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते.